ताईचं मागचं चाक

माझ्या दुकानात पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर एक पाटी दिसते. 'मोटरसायकलला कारचं टायर बसवून मिळणार नाही. विचारू नये.' पाटी मी स्वतः रंगवली आहे आणि 'विचारू नये'खालच्या दोन रेघाही मीच मारल्या आहेत, कारण लोक पाटी वाचतात, मान डोलावतात आणि मग विचारतात.

विचारणाऱ्याला मी एकदाच समजावून सांगतो. मोटरसायकल वळताना कलते, कार कलत नाही. म्हणून मोटरसायकलचं टायर गोलसर असतं. ते कसंही कलवा, त्याचं अंग रस्त्याला टेकलेलंच राहतं. कारचं टायर टेबलासारखं सपाट. ते कलवलं की एका कडेवर उभं राहतं, आणि कडेवर उभं राहणाऱ्या कुणावरच माझा विश्वास नाही. शिवाय रिमची घडण वेगळी, रिममध्ये बसणारी टायरची कड वेगळी. बनवणारे नको म्हणतात, मीही नको म्हणतो. लांब पल्ल्याच्या जड मोटरसायकली बाळगणारे काहीजण मागच्या चाकाला कारचं टायर लावून खुशाल हजारो किलोमीटर भटकतात, दुप्पट चालतं म्हणून सांगतात, हे मला ठाऊक आहे. भटकोत बापडे. माझ्या हातून ते होणार नाही.

सत्तावीस वर्षं हा विषय असा मिटलेला होता. मग ताईनं तो उकरून काढला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वय त्रेसष्ट, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि मी चौऱ्याण्णव किलोचा झालो तरी मला 'छोट्या' म्हणणारी जगातली एकमेव व्यक्ती. तिनं तीस वर्षं बस चालवली. निवृत्त झाल्यावर माणसं आठवडाभर झोपा काढतात. ही बाई दुसऱ्याच दिवशी उठून एक जुनी, भली थोरली मोटरसायकल घेऊन आली. दोन्ही बाजूंना पेट्या, मागे आणखी एक पेटी, मागे बसणाऱ्याला पाठ टेकायला उशी, हात ठेवायला दांडे. लग्नानंतर मी ज्या खोलीत संसार मांडला तिच्यातसुद्धा एवढ्या सोयी नव्हत्या.

मागच्या गादीवर भाऊजी बसतात. जन्मभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. त्यांना कुठलंच वाहन चालवता येत नाही आणि हे सांगताना त्यांना तिळमात्र लाज वाटत नाही. गाडी गावाबाहेर पडली की ते पेंगायला लागतात आणि चहाच्या टपरीपाशी बरोबर जागे होतात. गेली तीन वर्षं दोघांचं हे असं चाललेलं आहे.

तर एका सोमवारी सकाळी ताईनं ती गाडी दुकानासमोर लावली.

"छोट्या, मागचं चाक बघ."

मी वाकून बघितलं. "ताई, याला टक्कल पडलंय."

"दिसतंय मला. माणसांना पडतं तसंच मधोमध पडलंय," माझ्या डोक्याकडे बघत ती म्हणाली.

सरळ रस्त्यावर लांबलांब पळणाऱ्या गाड्यांचं हे असंच होतं. कडा नव्या कोऱ्या आणि मध्ये चकाचक. मी टायर पुरवणाऱ्याला फोन लावला. त्या मापाचं मोटरसायकलचं टायर त्याच्याकडे नव्हतं. माल बोटीवर आहे, सहा आठवडे लागतील, म्हणाला.

"बोट कुठे आहे?" ताईनं विचारलं.

"समुद्रात असणार. आणखी कुठे?"

"मग मी तिकडेच निघालेय. वाटेत भेटली तर घेऊन येते."

हसली खरी, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. तीन आठवड्यांनी भाऊजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तारीख पक्की झाली होती. त्यानंतर निदान वर्षभर मोटरसायकलवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि त्याआधी त्या दोघांना जायचं होतं ते फाट्यापलीकडे.

हा फाटा काय प्रकार आहे ते सांगायला हवं. ताईची बस तीस वर्षं एकाच मार्गावर चालली. गावापासून सत्तर किलोमीटरवर रस्त्याला फाटा फुटतो. बस डावीकडे वळते. उजवीकडच्या रस्त्यावर एक पाटी आहे. तिच्यावर एक बाण, खाली 'दीपगृह' एवढाच शब्द आणि त्याखाली आकडा, एक हजार नऊशे दहा. दिवसातून दोनदा, तीस वर्षं ती पाटी ताईला दिसायची आणि ताई डावीकडे वळायची. 'एकदा तरी उजवीकडे वळणार' हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते.

"वर्षभर थांबलीस तर काय बिघडलं?" मी म्हणालो.

"वर्षभरानं मी चौसष्ट, हे एकाहत्तर. एक गुडघा झाला की दुसऱ्याचा नंबर आहे. यांना क्रेननं चढवू का गाडीवर?" एवढं बोलून तिनं माझ्या मांडणीकडे बोट केलं. "ते सोळा इंची आहे ना? त्या कोपऱ्यातलं?"

"ते कारचं आहे."

"मला वाचता येतं. पाटीही वाचता येते."

"मग उत्तर त्या पाटीवरच आहे."

ताईनं मान वळवून रस्त्यापलीकडे बघितलं. रस्त्यापलीकडे समोरचा आहे. समोरचा म्हणजे दुसरा टायरवाला. मी त्याचं नाव घेत नाही. बाळाच्या ढकलगाडीला ट्रॅक्टरचं टायर लावून दे म्हटलं तर हा गृहस्थ 'किती वाजेपर्यंत हवंय?' असं विचारील. आता तो दारात उभा राहून दात कोरत होता आणि आमच्याकडेच बघत होता.

"तू नाही म्हणालास तर तो हो म्हणेल," ताई शांतपणे म्हणाली.

रागावलो असतो तर बरं झालं असतं. रागाची मला सवय आहे. पण ही भीती होती. हे दुकान आमच्या वडिलांचं. पहिलं टायर रिममधून कसं काढायचं ते मला वडिलांनी नाही, ताईनं शिकवलं. मी नऊ वर्षांचा होतो आणि टायर उचकटायची लिव्हर माझ्या अंगठ्यावर बसली तेव्हा फुंकर तिनंच घातली. तिच्या सायकलपासून आजवर तिच्या एकाही चाकाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. मी टायर बसवलं आणि तिला काही झालं, तर ते माझ्या हातून. मी नाही बसवलं, समोरच्यानं घाईगर्दीत कसंतरी बसवलं आणि काही झालं, तर तेही माझ्याच हातून. कुठूनही फिरलं तरी चाक माझ्यापाशीच येऊन थांबत होतं.

"एक अट आहे," मी म्हणालो. "टायर मी बसवतो. पण आधी मोकळ्या मैदानावर चालवून बघायचं, आणि मागे मी बसणार. मला पटलं नाही तर टायर उतरवायचं. मग समोर जायचं नाही, वाद घालायचा नाही."

"कबूल. तुझा शब्द शेवटचा."

ती इतक्या चटकन कबूल झाली की मला तिथेच संशय यायला हवा होता.

त्या दिवशी मी इतर सगळी कामं बाजूला ठेवली. जुनं टायर उतरवलं, रिमवरून बोट फिरवून कुठे खरवड आहे का ते बघितलं, साबणाचं पाणी लावून कारचं टायर चढवलं. हवा भरताना त्याची कड रिममध्ये बसेना. थांबलो, हवा सोडली, पुन्हा साबण लावला, पुन्हा भरली. शेवटी फट् करून एक बाजू बसली, आणि मी घाम पुसेपर्यंत दुसरीही बसली. चाक गाडीला जोडल्यावर टायर आणि त्याच्या शेजारच्या दांड्यात जेमतेम पेन्सिल सरकेल एवढी फट उरली. पेन्सिल सरकली. मला खरं तर ती अडकायला हवी होती. हवा किती ठेवायची हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नाही, कारण तक्ता बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही हा उद्योग आलेला नाही. मी बत्तीसवर थांबलो.

मग आमच्या घरातली एक जुनी पद्धत. वडील कुठलंही शंकेचं टायर बसवलं की त्याच्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूच्या आडव्या रेघा ओढायचे. गाडी फिरवून आणायची आणि रेघा कुठे पुसल्या ते बघायचं. टायर रस्त्याला कुठे टेकलं, कुठे नाही, ते खडू सांगतो. त्यांचा दंडकच होता, खडू वाचल्याशिवाय टायरला पाणी लावायचं नाही. मी आठ रेघा ओढल्या.

मैदान ताईनंच मिळवलं. बस डेपोच्या मागे नव्या चालकांची परीक्षा घेतात ती मोकळी जागा, तिच्यावर पिवळ्या रंगानं रंगवलेला भला मोठा इंग्रजी आठाचा आकडा. मंगळवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा डेपोतले दहाबारा चालक कट्ट्यावर आधीच जागा धरून बसले होते. त्यांच्यातला एक मिशीवाला ताईच्या हाताखाली शिकलेला. त्यानं उठून ताईला नमस्कार केला आणि मला विचारलं, "मामा, तुम्ही मागे बसणार? मग टायर कारचं नको, ट्रकचं लावा."

कट्टा हसला. मी लक्ष दिलं नाही.

मला टायर नीट दिसावं म्हणून गाडीची उजवीकडची पेटी मी आधीच काढून ठेवली होती. ताईनं मला चढताना बघितलं. तो सोहळा वर्णन करण्यासारखा नाही.

"हे बघ छोट्या," ती म्हणाली, "मागे पोत्यासारखं बसायचं. वळणात माझ्याबरोबर जायचं. बघायचं झालं तर माझ्या खांद्यावरून पुढे बघ."

"हो, हो," मी म्हणालो.

गाडी निघाली. आयुष्यात मी हजारो मोटरसायकलींची चाकं काढली आणि लावली, पण कुणाच्या मागे बसण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पहिल्या वळणात ताई कलली आणि माझ्या मनात एकच विचार आला: आता टायर कडेवर उभं राहणार. मी उजवीकडे वाकून खाली बघितलं. टायरची बाजू दबत होती, सुटत होती. गाडी जराशी डोलली. 'हं!' मी मनात म्हटलं. पुढच्या वळणात आणखी वाकलो. आणखी डोलली. ताईनं हँडल सावरलं. दहा फेऱ्या झाल्या, दहाही फेऱ्यांत गाडी अशीच झोके खात गेली आणि प्रत्येक झोक्याबरोबर माझं बरोबर ठरत गेलं. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मला आनंदच जास्त होत होता.

थांबल्यावर मी डावी कूस चोळत खाली उतरलो. कुठेतरी चमक भरली होती.

"डोलतंय," मी जाहीर केलं.

"डोललं खरं," ताई म्हणाली. हेल्मेट काढून तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "तुझी खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"मग काढ." ती एवढंच म्हणाली. वाद नाही, टोमणा नाही. गाडी दुकानापाशी आणून लावली, किल्ली माझ्या हातात दिली आणि चालत घरी गेली. आमची ताई चालत गेली हेच मला विचित्र वाटलं. कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही ती किक मारते.

मी जेवलो. बायकोला सगळी हकीकत सांगितली, माझं म्हणणं कसं खरं ठरलं ते जरा रंगवूनच सांगितलं. "मग आनंदात दिसायला हवास. असा पडेल चेहरा का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, कुशीत चमक भरलीये.

दुपारी गाडी घोडीवर चढवली. टायर उतरवायचं तर आधी कडांना साबणाचं पाणी मारायचं. मी बादली भरली, फडकं बुडवलं, पिळलं. आणि हात थांबला, कारण खडू वाचायचा राहिला होता. वाचण्यासारखं काय होतं त्यात? निकाल तर लागलेला. पण वडिलांचा दंडक. मी चाक हातानं हळूहळू फिरवलं.

डावीकडे प्रत्येक रेघ पार कडेपर्यंत पुसलेली होती. उजवीकडे कडेची तीनतीन बोटं रेघ शाबूत. पांढरीशुभ्र, जणू आत्ताच ओढली.

मी पुन्हा फिरवलं. आठही रेघा तशाच.

आता, आठाच्या आकड्यात डावी वळणं जेवढी, उजवी वळणंही तेवढीच. टायर चांगलं असो नाहीतर वाईट, ते दोन्हीकडे सारखंच वाईट असणार. त्याला डावं-उजवं कळत नाही. मग गाडी सगळा वेळ डावीकडेच का झुकत होती? मी भिंतीला टेकवून ठेवलेल्या पेटीकडे बघितलं. उजवी पेटी. डाव्या कुशीतली चमक पुन्हा एकदा उठली, आणि मला लख्ख कळलं.

चौऱ्याण्णव किलोचं पोतं उजवीकडे लोंबकळत असेल, तर गाडी पडू नये म्हणून चालवणारी तिला डावीकडेच झुकवणार. ते पोतं दर वळणाला बाहेर वाकणार, पुन्हा आत येणार, पुन्हा वाकणार, तर गाडी डोलणार नाही तर काय करणार? टायरची काही चूक नव्हती. ते डोलवणं माझंच होतं. गाडी चालवणारा कुणीही असं वेड्यासारखं मागून खाली बघत बसला नसता. हा मूर्खपणा करायला टायरवालाच लागतो.

ओलं फडकं हातात तसंच होतं. दुकानात मी एकटा. एकदा फडकं फिरवलं असतं की खडू गेला असता, टायर उतरलं असतं, माझी पाटी खरी राहिली असती, ताई घरी सुखरूप राहिली असती. हा शेवटचा मुद्दा मी स्वतःला दोनतीनदा ऐकवला. ताई घरी सुखरूप. चांगला मुद्दा होता. फक्त तो खोट्याच्या पायावर उभा होता, आणि घरी सुखरूप बसलेल्या ताईला मी उरलेलं आयुष्य तोंड कसं दाखवणार होतो, ते मला सुचेना.

मी फडकं बादलीत टाकलं आणि दुकान उघडं टाकून निघालो.

ताईच्या घराचं दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत प्रवासाचं भरलेलं सामान पुन्हा बाहेर काढून ठेवलं होतं: जाड मोजे, दोन थर्मास, औषधांची डबी, पावसाळी कोट. भाऊजी खुर्चीत बसलेले, दुखरा पाय स्टुलावर. तीन वर्षं त्यांच्या भिंतीवर टांगलेला रस्त्यांचा मोठा नकाशा त्यांच्या मांडीवर होता, आणि ते त्याच्या घड्या घालत होते. घड्याळजीची बोटं ती. घडी कडेला कड जुळवून अगदी सावकाश पडत होती. मला ते बघवेना.

"मेहुणेबुवा, या," ते म्हणाले. "बसा. तुमचं बरोबर असणार. चाकातलं आम्हांला काय कळतंय?"

एवढ्या सरळ माणसाला फसवणं हे फारच सोपं काम आहे, आणि म्हणूनच ते माझ्याच्यानं होईना.

"ताई," मी स्वयंपाकघराकडे तोंड करून जोरात म्हणालो, "टायर नव्हतं डोलत."

ताई चहाचं पातेलं हातात घेऊन दारात आली. "मग?"

"मी डोलत होतो. उजवीकडे वाकून सारखा टायर बघत होतो. खडूत आलंय सगळं. डावीकडे पुसलंय, उजवीकडे नाही. टायरची चूक नाही, माझी आहे. मी चुकीचा निकाल दिला."

भाऊजींचा हात घडीवर थांबला. ताईनं पातेलं शेगडीवर ठेवलं, पाणी ओतलं, आणि मागे वळून न बघता म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तीस वर्षं आरशात बघून बस चालवली मी. उजव्या आरशात तुझं टक्कल आणि डाव्या आरशात रिकामं मैदान. न कळायला काय झालं?"

"मग तिथेच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर पटलं असतं तुला? कट्ट्यावर बारा माणसं बसलेली. तू माझ्याशी भांडला असतास, वर तेच खरं करून दाखवलं असतंस." तिनं गॅस बारीक केला. मग जरा हळू आवाजात म्हणाली, "आणि तुझ्या मनाविरुद्ध तुझ्या हातचं टायर लावून मी फाट्यापलीकडे जाणार नव्हते, छोट्या. हजार नऊशे किलोमीटर मला मागून तुझी काळजी ऐकू आली असती. तुझं तुलाच कळायला हवं होतं."

"आणि नसतं कळलं तर?"

"तर नसते गेले." साखरेचा डबा उघडत ती म्हणाली, "पण खडू वाचल्याशिवाय तू पाणी लावणार नाहीस, एवढं मला ठाऊक होतं. मीच शिकवलंय ना तुला."

मला रडू आलं. लपवायला मी डाव्या कुशीला हात लावून 'आई गं' म्हटलं, पण ते कुणाला खरं वाटलं असेल असं मला वाटत नाही.

"म्हणजे," भाऊजींनी घसा खाकरला, "मी हा नकाशा आता उघडायचा की मिटायचा? एकदाच काय ते ठरवा. घड्यांवरचे रस्ते पुसट व्हायला लागलेत."

बुधवारी पुन्हा डेपो. या वेळी दोन्ही पेट्या गाडीला, मागे भाऊजी, आणि मी कट्ट्यावर मिशीवाल्याशेजारी. ताईनं आठाचे वीस फेरे मारले. तिसऱ्या फेरीला भाऊजींची मान ताईच्या पाठीला टेकली. सातव्या फेरीला ते गाढ झोपले. गाडी पट्टीनं रेघ आखावी तशी फिरली. खडू वाचला तर दोन्हीकडे सारखा पुसलेला, दोन्हीकडे कडेची बोटभर रेघ शिल्लक.

म्हणून टायर निर्दोष होतं असं मात्र मी म्हणणार नाही, आणि ताईनंही म्हटलं नाही. कलवलेली गाडी सारखी उभी व्हायला बघते, वळणभर हँडल दाबून धरावं लागतं, असं तिनं स्वतःच सांगितलं. दुपारी आम्ही गाडी खाचखळग्यांच्या रस्त्यावर नेली, तिथे चाक बाजूला ओढतं हेही कळलं. मी हवा दोननं कमी केली, पुन्हा एकानं वाढवली, एकतीसवर ताई खूश झाली. मग मी तिला अटींचा पाढा वाचून दाखवला: रोज सकाळी चाक थंड असताना हवा मोजायची, वळणात उतावीळपणा करायचा नाही, ओल्या रस्त्यावर निम्म्या वेगानं जायचं, आणि रोज संध्याकाळी मला फोन करून टायरची बाजू कशी दिसते ते सांगायचं. एका मोठ्या कागदावर लिहून तो मी तिच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला.

"आता माझी एक अट," ताई म्हणाली. "फाट्यापर्यंत मागे तू बसायचंस."

"मी? आणि भाऊजी?"

"हे बसनं येतील. आमच्या घरच्यांना फुकट पास आहे. तेवढेच सत्तर किलोमीटर गुडघ्याचे वाचतील. तू सरळ बसून दाखव मला."

शनिवारी सकाळी निघालो. समोरचा दारात उभा होता. त्याला बघून मी मागच्या गादीवर जमेल तेवढ्या रुबाबात चढलो.

गाव संपलं, गोदामं संपली, मग मोकळा रस्ता लागला. पहिलं वळण आलं तेव्हा माझी मान आपसूक खाली जायला लागली. "छोट्या!" पुढून आवाज आला. आरसा. मी ताईच्या खांद्यावरून समोर बघितलं. ती कलली, मी तिच्याबरोबर कललो, गाडी वळली आणि सरळ झाली. काही झालं नाही. दुसऱ्या वळणातही काही झालं नाही. पाचव्यासहाव्या वळणानंतर मी मोजणं सोडून दिलं.

तिला गाडी चालवताना मी आजवर नीट बघितलंच नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं. तीस वर्षं ती बस चालवत होती आणि मी दुकानात बसून तिच्या बसच्या टायरांची चौकशी करत होतो. ती वळणाच्या किती आधी वेग कमी करते, मागून येणाऱ्याला किती सहज वाट देते, एका ट्रकवाल्याला हात करते आणि तोही तिला ओळखून हॉर्न देतो. हेल्मेटच्या आत ती गुणगुणत होती. तिच्या पाठीतून ते मला कळत होतं. आमची ताई आनंदात होती. मलाही इतकं बरं वाटत होतं की मी एकदा मोठ्यानं हसलो, तर ती ओरडून म्हणाली, "हसतोस कशाला, गाडी हलते!"

फाट्यावर बस आमच्याआधीच पोचली होती. मिशीवाला चालवत होता. त्यानं भाऊजींना हात धरून उतरवलं, पाणी दिलं, आणि एका प्रवाशानं घाई केली तेव्हा 'दोन मिनिटं थांबा हो, आमच्या बाई उजवीकडे वळणार आहेत,' असं सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

भाऊजींना आम्ही दोघांनी मिळून गाडीवर बसवलं. ताईनं हातमोजे घट्ट केले. पाटीकडे बघितलं. दीपगृह, एक हजार नऊशे दहा. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "दुकान उघडं टाकून आला नाहीस ना?" मी नाही म्हणालो. तिनं माझ्या गालावर चापट मारली, नऊ वर्षांच्या मुलाला मारावी तशी, आणि निघाली.

ती उजवीकडे वळली. बसमधले लोक टाळ्या वाजवत होते. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून बघत राहिलो, तिची पाठ, तिच्या पाठीला टेकलेली भाऊजींची मान, लांब जाणारा, उजवीकडचं वळण दाखवणारा दिवा, तो दिसेनासा होईपर्यंत.

मग परतीच्या फेरीत हीच बस मला गावी सोडणार म्हणून तिच्यात चढून मिशीवाल्याच्या मागच्या सीटवर बसलो. बस डावीकडे वळली. अर्धा किलोमीटर गेल्यावर त्यानं आरशातून विचारलं, "मामा, वळताना टायर कसं वाटलं? कड टेकली का पूर्ण?"

उत्तर द्यायला मी वळणं आठवून बघितली. मी टायरकडे बघितलंच नव्हतं.

"ताई फार छान चालवते," मी म्हणालो.